दुसऱ्या अंकात रात्र झाली की आवाज तुटतो

सलग तीन जत्रांना हीच तक्रार. पहिला अंक सुरळीत जातो, मध्यंतरात चहा होतो, दुसरा अंक उघडतो, रंगमंचावर रात्र होते आणि आवाज तुटायला लागतो. घरघर नाही, खरखर नाही. नट बोलतोय, ओठ हलतायत, आणि अर्धा सेकंद सगळं मुकं. आवाज परत येतो, पाच मिनिटांनी पुन्हा जातो. तिसऱ्या वर्षी तर ऐन नाट्यपदाच्या तानेत गेला. समेवर पुढच्या दोन रांगांना तबला तरी ऐकू आला, मागच्यांना तोही नाही. मांडवातून हाक आली, ‘आवाज गेलो!’

गोव्यात फोंडा तालुक्यातलं देऊळ आहे, नाव घेत नाही. देवळासमोर पक्का रंगमंच आणि आवाजाचा मिक्सर अग्रशाळेच्या, म्हणजे देवळाच्या धर्मशाळेच्या, सोप्यावर. केबलच्या वाटेने अंतर मोजलं तर ६५ मीटर. स्टेजवर १६ इनपुटचा स्टेज बॉक्स, म्हणजे माइक जोडायचा डबा, तो मिक्सरला एईएस५० ने (नेटवर्क केबलवरून डिजिटल आवाज नेण्याची एक पद्धत) जोडलेला. पूर्वी इथे मनगटाएवढा जाड मल्टिकोर स्नेक होता, त्याच्या जागी एकच नेटवर्क केबल आली. ती केबल मीच ओढली होती. त्यामुळे पुढे जे काही सांगतोय, त्यात शिव्या खायचा मान माझाच.

एका वयस्क महाजनांनी मला ऐकवलंही. ‘तुका हें डिजिटल कित्याक जाय आशिल्लें रे?’ म्हणजे, तुला हे डिजिटल कशाला हवं होतं? माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आधी मी काय केलं ते सांगतो, कारण बहुतेक जण हेच करतात. मिक्सरचं फर्मवेअर बदललं. मित्राकडून दुसरा स्टेज बॉक्स आणून लावला. यूपीएस लावला. केबल टेस्टर लावला, तर १ ते ८ दिवे ओळीने पेटले, दोन्ही टोकांना. म्हटलं, केबल ठणठणीत. त्या टेस्टरवर आठच्या खाली ‘जी’ असा नववा दिवा असतो. तो पेटला नव्हता. मी त्याच्याकडे पाहिलंच नाही, कारण घरोघरी इंटरनेटच्या केबली क्रिंप करताना, म्हणजे टोकाला कनेक्टर दाबून बसवताना, तो कधीच पेटत नाही आणि त्याने कधी काही बिघडतही नाही.

दुपारी तपासणी केली की सगळं छान चालायचं. एक किलोहर्ट्झचा टोन स्टेज बॉक्समधून सोडून दोन तास रेकॉर्ड केला, एक टिकसुद्धा नाही. रात्री प्रयोगात पुन्हा तेच. शेवटी भाच्याने सहज म्हटलं, ‘मामा, लाईटवाला निळं करतो ना, तेव्हाच जातो.’ तो प्रकाशयोजनेवाल्याच्या शेजारी बसून नाटक बघत होता. दुसऱ्या दिवशी दुपारी लाईटवाल्याला विनंती करून सगळे डिमर, म्हणजे दिव्यांचा प्रकाश कमी-जास्त करणारी यंत्रं, अर्ध्यावर आणायला लावले. पाचव्या मिनिटाला स्टेज बॉक्सवर कनेक्टरशेजारचा हिरवा दिवा क्षणभर लाल झाला आणि टोन तुटला. डिमर पूर्ण वर केले, तुटणं बंद. पूर्ण खाली केले, तरी तुटणं बंद. पुन्हा अर्ध्यावर, पुन्हा तुटला.

त्याचं कारण डिमरच्या कामाच्या पद्धतीत आहे. आपला वीजपुरवठा ५० हर्ट्झचा. जुन्या पद्धतीचा डिमर त्या लाटेचा प्रत्येक अर्धा भाग मधेच कापतो, म्हणजे सेकंदाला १०० वेळा वीज झटक्याने चालू करतो. दिवा पूर्ण पेटलेला असेल तर कापायला काही उरत नाही. अर्ध्यावर असेल तेव्हा लाट नेमकी तिच्या शिखरावर असताना झटका बसतो, आणि वायरीतून सर्वांत जास्त विजेचा कचरा तेव्हा बाहेर फेकला जातो. आमच्याकडे डिमरचा रॅक अग्रशाळेच्या खोलीत. तिथून स्टेजच्या दिव्यांकडे जाणाऱ्या वायरी आणि माझी केबल एकाच चरातून, एकाच पाइपमधून ६५ मीटर गळ्यात गळा घालून गेलेल्या. चर खणायचा खर्च वाचवला होता मी.

अॅनालॉग स्नेक असता तर हाच त्रास पहिल्या दिवशी घुर्रर्र करून कळला असता. डिजिटलमध्ये तसं होत नाही. आकडे वाचता येतात तोवर आवाज स्वच्छ, वाचता येईनासे झाले की शांतता. मधली पायरी नसते, त्यामुळे केबल काठावर चालली आहे हे कानाला कधीच समजत नाही.

आता केबलची चिरफाड.

पहिलं म्हणजे टोकं उघडली. केबल शील्डवाली होती, बाहेरच्या आवरणाखाली फॉइल आणि एक उघडी तार. पण मी तिला साधे पारदर्शक प्लास्टिकचे आरजे-४५, म्हणजे इंटरनेटच्या केबलीचे नेहमीचे कनेक्टर, लावले होते आणि फॉइल व ती तार कात्रीने ‘नीट’ कापून टाकली होती, कनेक्टरमध्ये अडचण नको म्हणून. म्हणजे शील्डला दोन्ही टोकांना कुठेच आधार नाही. शील्ड गोळा करेल तो कचरा जाणार कुठे? नववा दिवा हेच सांगत होता. एईएस५० साठी धातूचं अंग असलेला आरजे-४५ लागतो, शील्डची तार त्या धातूला घट्ट लागलेली हवी, आणि त्यावर इथरकॉन नावाच्या मजबूत कनेक्टरचं धातूचं कवच हवं, म्हणजे शील्ड दोन्ही बाजूंच्या यंत्रांच्या डब्याला जोडली जाते. कवच फक्त मजबुतीसाठी असतं असं मी समजत होतो. एसी नाट्यगृहात गालिच्यावरून चालणाऱ्या माणसाच्या अंगातली स्थिर वीजसुद्धा अशा अर्धवट केबलीवरून आवाज तोडू शकते. गोव्याच्या दमट हवेत उघड्यावर तो प्रकार कमी, पण एसीत होतो.

दुसरं, तांबं. हे मला मल्टिमीटरने सापडलं, आणि ही चाचणी प्रत्येकाने करावी, कारण मल्टिमीटर आपल्या सगळ्यांच्या पेटीत असतो. केबलच्या एका टोकाला एका जोडीच्या दोन तारा एकमेकींना पिळून जोडायच्या, दुसऱ्या टोकाला त्याच दोन तारांमध्ये ओहम मोजायचे. मोजण्याआधी मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून जो आकडा दिसतो तो वजा करायचा. २४ गेजच्या शुद्ध तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला ८४ ओहमच्या आसपास असतो. ६५ मीटर जायचं आणि ६५ यायचं, म्हणजे १३० मीटर, म्हणजे ११ ओहम. पिळाची जास्तीची लांबी धरून साडेअकरा म्हणा. माझ्या केबलचे आले १७ च्या वर.

सुरीने एक तार खरवडली. वरचा तांबूस रंग गेला, आत चांदीसारखं पांढरं. अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा, बाजारात ज्याला सीसीए म्हणतात. तांब्याच्या मानाने तिचा रोध दीडपटीहून जास्त, दोन-तीनदा वाकवली की तुटते, आणि क्रिंप केलेल्या जागी वर्षभरात ढिली पडते. कॅट ५ई किंवा कॅट ६ या नेटवर्क केबलीच्या प्रतींच्या मानकात ती बसतच नाही, छापलेलं काहीही असो. बॉक्सवर मोठ्या अक्षरात ‘कॅट ६’ होतं आणि मी ते वाचून खूश होतो.

विकत घेताना बॉक्स उचलून बघा. ३०५ मीटरच्या २४ गेज केबलमध्ये नुसतं तांबंच साडेचार किलोच्या आसपास भरतं, सीसीएत धातूचं वजन जेमतेम पावणेदोन किलो. शेजारी दोन बॉक्स ठेवले तर हाताला फरक लगेच कळतो. दुकानदाराला स्पष्ट विचारा, ‘सॉलिड कॉपर आहे की सीसीए?’ आणि बिलावर तसं लिहून मागा. लिहून द्यायला कां-कूं करणारा दुकानदार म्हणजे उत्तर मिळालंच. एक सावधानता: तांब्यावर कथलाचा मुलामा असलेली तारही वरून पांढरी दिसते, पण खरवडल्यावर तिच्या आत तांबं निघतं. पांढरं वर आहे की आत, ते बघायचं.

मग घ्यायची कोणती? पक्क्या बसवणीला कॅट ५ई, शील्डवाली, सॉलिड तांब्याची. कॅट ६ घेतली तरी चालते, फक्त ती जाड आणि हट्टी असते, इथरकॉनच्या कवचात बसवताना हात दुखतात. दर प्रयोगाला गुंडाळायची-उलगडायची असेल तर तारांच्या आत बारीक तारा असलेली, म्हणजे स्ट्रँडेड, रबरासारख्या मऊ आवरणाची. सॉलिड तार रोज गुंडाळली तर आतून तुटते, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. पण स्ट्रँडेडमध्ये सिग्नल जास्त लवकर कमजोर होतो, म्हणून तिचा पल्ला कमी धरायचा. कनेक्टरही दोघींचे वेगळे. सॉलिडसाठीच्या पिनेला तीन दात असतात आणि ते तारेला दोन्हीकडून धरतात, स्ट्रँडेडची पिन तारेच्या मधोमध घुसते. चुकीचा लावला तर पहिल्या दिवशी चालतो.

कॅट ७ च्या मागे लागू नका. त्याच्या मानकातले कनेक्टर वेगळेच आहेत, त्याला आरजे-४५ लावून विकणं म्हणजे नुसता छापील आकडा. आणि ज्यांच्याकडे पैसे जास्त आहेत त्यांच्यासाठी: चांदीचा मुलामा दिलेल्या, दिशेचा बाण छापलेल्या ‘ऑडिओ’ नेटवर्क केबली मिळतात, त्याने आवाज ‘उघडतो’ म्हणे. आकडे एक तर पोहोचतात किंवा पोहोचत नाहीत. त्या पैशांत चांगला क्रिंपिंग टूल आणि वीस धातूचे कनेक्टर येतील.

रंगांच्या क्रमाबद्दल एक वेगळा किस्सा सांगायला हवा. डिचोलीकडे एका भजनी सप्ताहात मला बोलावलं होतं. चोवीस तास भजन, पार म्हणजे भजन करणारे गट बदलत राहतात, आणि मॉनिटर स्पीकर दर थोड्या वेळाने टिक-टिक करायचा. केबल फक्त २५ मीटर, खऱ्या तांब्याची, टेस्टरचे दिवे सगळे पेटलेले. पारदर्शक कनेक्टर डोळ्यांजवळ धरून बघितला, तर तारा क्रमाने लावलेल्या: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, हिरवा, पांढरा-निळा, निळा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दिसायला किती छान! दोन्हीकडे सारखंच, म्हणून टेस्टर खूश.

पण पिना जोडीने चालतात त्या १-२, ३-६, ४-५ आणि ७-८ अशा. ३ आणि ६ ही एक जोडी आहे, त्यात हिरव्या पिळाच्याच दोन तारा हव्यात. वरच्या क्रमात ३ वर हिरव्या पिळातली एक आणि ६ वर निळ्या पिळातली एक गेली. पीळ असतो तो याचसाठी की बाहेरचा कचरा दोन्ही तारांवर सारखाच पडावा आणि पलीकडे वजा होऊन जावा. जोडी फुटली की पिळाचा उपयोगच संपला. बरोबर क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. निळी जोडी हिरव्याच्या मधे घुसलेली दिसली पाहिजे. दिव्यांचा टेस्टर ही चूक पकडत नाही, डोळेच पकडतात. दोन्ही टोकं कापून पुन्हा क्रिंप केली, वीस मिनिटांचं काम, पुढचा पार बसायच्या आत झालं. क्रिंप करताना पीळ १३ मिलीमीटरपेक्षा जास्त उलगडायचा नाही, म्हणजे करंगळीच्या नखाएवढाच.

परत आमच्या देवळात. नवीन केबल दिव्यांच्या चराच्या विरुद्ध बाजूने, तळीकडून नेली. विजेच्या वायरीपासून निदान एक फूट अंतर, आणि एका ठिकाणी ओलांडावंच लागलं तिथे काटकोनात. वळणं अडीच सेंटीमीटर त्रिज्येपेक्षा घट्ट नाहीत. ओढताना दहा-अकरा किलोपेक्षा जास्त ताण द्यायचा नसतो, म्हणून पाइपमध्ये दोन ठिकाणी चेंबर ठेवले. दोघं मिळून दोरखंडासारखं खेचणं बंद.

पावसाचं काय? आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पडतो आणि चिऱ्याची जमीन पाणी शोषून धरते. जमिनीखालच्या पाइपमध्ये पाणी येणारच हे गृहीत धरून चला. करडी पीव्हीसी केबल घरातल्यासाठी असते. उन्हात तिचं आवरण तडकतं आणि तडकीतून पाणी आत शिरलं की केशाकर्षणाने मीटर-मीटर पुढे सरकतं. माझ्या जुन्या केबलचं स्टेजकडचं टोक कापलं तेव्हा हिरवट पाण्याचे दोन थेंब भाच्याच्या तळहातावर पडले. बाहेरच्यासाठी काळ्या पॉलिथिन आवरणाची, आत जेल भरलेली मिळते, तीच घ्या. जेलने हात चिकट होतात, क्रिंप करण्याआधी पुसून घ्यावं लागतं, कटकट आहे. केबल भिंतीत शिरते तिथे आधी खाली एक झोळ द्यायचा, म्हणजे पाणी तिथूनच गळतं. उंदरांसाठी जमिनीवरच्या भागात लोखंडी पाइप घातला.

अर्थिंगचं एक बघा. शील्ड दोन्ही टोकांना जोडली की मिक्सर आणि स्टेज बॉक्स तिच्यातून एकमेकांना जोडले जातात. स्टेज जनरेटरवर आणि मिक्सर देवस्थानच्या मीटरवर असेल, तर दोन अर्थमधला फरक त्या बारीक तारेतून वाहायला लागतो. दोघांना एकाच ठिकाणाहून वीज द्या. मी मिक्सरकडून स्टेज बॉक्सपर्यंत वेगळी पॉवर केबलच नेली, अर्थात दुसऱ्या पाइपमधून. दोन वेगळ्या इमारती असतील, किंवा अंतर १०० मीटरच्या पुढे असेल, तर तांबं सोडा आणि फायबर टाका. वैशाखातल्या विजांचा विचार केला तरी तेच बरं.

आणि एईएस५० च्या मधे कृपा करून ऑफिसमधला नेटवर्क स्विच लावू नका. पल्ला वाढवण्यासाठी एकाने लावला होता. कनेक्टर सारखा असला तरी हे साधं इथरनेट नव्हे. चारपैकी दोन जोड्या आवाज नेतात आणि उरलेल्या दोन घड्याळाचा ठोका, जो दोन्ही यंत्रांना एका लयीत ठेवतो. स्विचला तो ठोका कळतच नाही. म्हणूनच यात आठही तारा धड लागतात.

ज्यांची सिस्टीम डान्टेवर, म्हणजे नेटवर्कवरून आवाज नेण्याच्या दुसऱ्या एका पद्धतीवर आहे, त्यांचं गणित थोडं वेगळं. ऑडिनेट या सिडनीच्या कंपनीचं हे तंत्र साध्या गिगाबिट स्विचवरून चालतं, बिनशील्डची चांगली कॅट ५ई किंवा कॅट ६ सुद्धा पुरते. तिथे आवाज तुटला तर केबलबरोबर स्विचही तपासा. स्विचमध्ये वीज वाचवण्याची ‘एनर्जी एफिशियंट इथरनेट’ नावाची सोय असते, ती बंद करा. रिकामा क्षण दिसला की ती पोर्टला डुलकी देते आणि डान्टेचं घड्याळ चुकतं. ज्या स्विचमध्ये ती बंद करता येत नाही तो घेऊच नका. दुसरं, केबलमधली एखादी तार खराब असेल तर बरेच स्विच गुपचूप गिगाबिटवरून १०० मेगाबिटवर उतरतात, पोर्टच्या दिव्याचा रंग तेवढा बदलतो. ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटचा एक चॅनल म्हणजे नुसता आवाजच सेकंदाला १.१५ मेगाबिट. ६४ चॅनल झाले की ७४ मेगाबिट, त्यावर हे आकडे ज्या पाकिटांतून जातात त्यांचं ओझं वेगळं. १०० चा रस्ता तिथेच तुंबतो. आठ-दहा चॅनलवर चालणारी सिस्टीम चॅनल वाढवल्यावर अडखळायला लागली तर आधी तो दिवा बघा. डान्टे कंट्रोलरमध्ये प्रत्येक यंत्राच्या चुकलेल्या पाकिटांचा आकडा दिसतो. तो वाढत असेल तर केबल किंवा कनेक्टर, घड्याळ सारखं बदलत असेल तर स्विच. एवढं धरून शोधायला लागलात तरी निम्मी रात्र वाचते.

आमची नवीन केबल बसवल्यावर टेस्टरचे नऊही दिवे पेटले. लूपचा रोध चारही जोड्यांवर ११.३ ते ११.६ ओहम. नवी वाट दोन मीटरने लांब आहे, म्हणजे हिशेब जुळतो. मग लाईटवाल्याला बोलावून सगळे डिमर अर्ध्यावर ठेवले आणि तीन तास टोन सोडला. दिवा हिरवाच राहिला. या जत्रेला दुसऱ्या अंकात रात्र झाली, निळं झालं, मी नाटक बघायचं सोडून त्या दिव्याकडेच बघत बसलो. पडदा पडला तरी आवाज गेला नव्हता.

ओहमचे आकडे आणि तारीख स्टेज बॉक्सच्या झाकणाच्या आत मार्करने लिहून ठेवलीय. पाऊस ओसरला की गणेश चवथीच्या आधी पुन्हा मोजणार. एकाही जोडीत ओहमभराची वाढ दिसली तर आधी टोकं कापून नवीन कनेक्टर, आणि तरी उतरली नाही तर चेंबर उघडायचे.